मुदत चुकली कुणाची? अपंगांच्या हक्कांच्या लढाईचा तीस वर्षांचा हिशेब

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत संजय गांधी निराधार योजनेचे आणि अपंग प्रमाणपत्राचे अर्ज भरून देण्याचं काम आम्ही करतो. या कामात दोन शब्द आम्हाला सतत ऐकावे लागतात: "मुदत संपली." हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही, मुदत संपली, अनुदान बंद. उत्पन्नाचा दाखला जुना झाला, मुदत संपली, नवा आणा. निकालाविरुद्ध अपील करायचं राहिलं, मुदत संपली, आता काही होणार नाही. हे शब्द नेहमी खिडकीच्या आतून बाहेर येतात. खिडकीच्या बाहेरून आतल्या माणसाला "साहेब, तुमची मुदत संपली" असं कुणी म्हणत नाही.

खरं तर तसं म्हणायला भरपूर आधार आहे. अपंगांच्या हक्कांसाठी झालेल्या मोठ्या खटल्यांचा इतिहास काढला तर सर्वांत जास्त मुदती सरकारच्याच चुकलेल्या दिसतात. कायद्याने दिलेल्या मुदती चुकल्या आणि न्यायालयाने दिलेल्याही चुकल्या. पण त्यासाठी कुणाचं अनुदान बंद झालं नाही, कुणाचा अर्ज बाद झाला नाही. गरिबाला मुदत बांधते आणि सरकारला ती ताणता येते, हा योगायोग नाही. ही सत्तेची रीत आहे, आणि आंबेडकरी चळवळीने ती फार आधी अनुभवली आहे.

महाडने शिकवलेला धडा

चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, आपल्याला पाठ आहे. त्यानंतरचा खटला मात्र आपण फारसा वाचत नाही. महाडच्या काही सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे जायला मनाई करावी, अशी मागणी होती. तात्पुरती मनाई मिळाली १४ डिसेंबरला, म्हणजे दोन दिवसांत. २५ डिसेंबरची परिषद तोंडावर आली होती. ती मनाई उठायला २३ फेब्रुवारी १९२८ उजाडला. दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने लागला. वादी अपिलात गेले. ठाण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ रोजी ते अपील फेटाळलं. मग मुंबई उच्च न्यायालय. तिथला अंतिम निकाल १७ मार्च १९३७ चा.

म्हणजे पाण्यापासून रोखायला दोन दिवस लागले आणि पाण्याचा हक्क कागदावर पक्का व्हायला नऊ वर्षं तीन महिने. दावा जिंकला, पण दरम्यान एक अख्खी पिढी तळ्याच्या काठावर थांबून राहिली. हरवता येत नसेल तर थांबवून ठेवायचं, हे तंत्र व्यवस्थेला तेव्हाच साधलेलं होतं.

हा अनुभव पाठीशी असलेल्या माणसाने पुढे घटनेचा मसुदा घडवला. अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क नमूद आहे. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यावर थेट न्यायालयात जाता येत नाही. त्यामुळे दार ठोठावायची वेळ येते तेव्हा अनुच्छेद ३२ आणि २२६ लागतात. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी आजच्या अनुच्छेद ३२ ला घटनेचा आत्मा म्हटलं ते उगाच नाही. हक्क लिहिला तरी तो वसूल करण्याची वाट नसेल तर तो हक्क नुसता लिहिलेलाच राहतो.

तीन टक्क्यांसाठी सतरा वर्षं

आता अपंगांच्या कायद्याकडे येऊ. संसदेने १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा केला आणि तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण: एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी, एक टक्का कर्णबधिरांसाठी, एक टक्का अस्थिव्यंग आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी.

आधी कोणती पदं अपंगांना 'योग्य' आहेत हे ठरवायचं आणि मग त्या पदांपुरतेच तीन टक्के मोजायचे, असा अर्थ केंद्राने लावला. २९ डिसेंबर २००५ च्या कार्यालयीन आदेशात हेच सूत्र होतं. पदांची यादी लांबली की आरक्षण आपोआप लांबतं, आणि यादी छोटी केली की आरक्षणही छोटं होतं. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून त्या रिकाम्या ठेवण्याची पद्धत ज्यांनी भोगली आहे, त्यांना हे सूत्र नवं वाटणार नाही.

नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही संस्था याविरुद्ध २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १९ डिसेंबर २००८ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेलं. तिथे ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्यायमूर्ती रंजना देसाई आणि न्यायमूर्ती रंजन गोगोई यांच्या पीठाने सांगितलं की आरक्षण संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर मोजायचं. २००५ चा आदेश तीन महिन्यांत बदला, असंही बजावलं. कायदा लागू झाल्यापासून सतरा वर्षं गेली होती. १९९६ मध्ये पंचविशीत असलेला अंध पदवीधर २०१३ मध्ये बेचाळीस वर्षांचा झाला होता. नोकरीच्या वयाची मर्यादा त्याच्यासाठी थांबून राहिली नव्हती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. तो बदललेला आदेश केंद्राने ३ डिसेंबर २०१३ रोजी काढला, म्हणजे न्यायालयाच्या मुदतीच्या आत. सरकारला मुदत पाळता येत नाही, असं नाही. नजर रोखलेली असेल तेव्हा दोन महिन्यांतही आदेश निघतो.

नजर हटली की काय होतं तेही पाहा. पदोन्नतीत अपंगांना आरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जानेवारी २०२० रोजी सिद्दाराजू प्रकरणात स्पष्ट केलं. केंद्राने आणखी स्पष्टीकरण मागितलं. २८ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सांगितलं की चार महिन्यांत सूचना काढा. चार महिने २८ जानेवारी २०२२ ला भरत होते. आदेश निघाला १७ मे २०२२ ला. साडेतीन महिने उशीर. एखाद्या विधवेने हयातीचा दाखला साडेतीन महिने उशिरा दिला असता तर काय झालं असतं, हे शहापूर-मुरबाडमधल्या कुणालाही विचारा.

एका याचिकेची सोळा वर्षं

दिल्ली उच्च न्यायालयाच्या दिवंगत न्यायमूर्ती सुनंदा भंडारे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी साधी होती: १९९५ चा कायदा राबवा. या याचिकेचा निकाल २६ मार्च २०१४ रोजी आला. कायदा राबवा एवढं सांगायला सोळा वर्षं लागली, आणि सांगताना पुन्हा मुदत दिली गेली: २०१४ संपायच्या आत अंमलबजावणी करा.

तोवर त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याचं विधेयक संसदेत आलं होतं. ते डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालं. मग त्याच प्रकरणात २५ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने राज्यांना नव्या कायद्याच्या अनुपालनाचा अहवाल १२ आठवड्यांत द्यायला सांगितलं. जुन्या कायद्याची थकबाकी तशीच राहिली आणि खातं नव्या वहीत चढलं. आपल्या गावचा सावकारही असंच करतो, फक्त तो वही बदलताना व्याज सोडत नाही.

राजीव रतूडी प्रकरणही असंच. इमारती, रस्ते आणि वाहतूक अपंगांना वापरता यावीत यासाठी २००५ मध्ये एका दृष्टिहीन नागरिकाने याचिका केली. १५ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने टप्प्याटप्प्याच्या तारखा घालून दिल्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयालाच म्हणावं लागलं की केंद्राचा सुगम्यतेचा नियम नुसती शिफारस करतो, बंधन घालत नाही. बंधनकारक नियम करायला पुन्हा तीन महिने दिले गेले. ज्याला जिना चढता येत नाही त्याचा दाखला पहिल्या मजल्यावर मिळतो, तेव्हा त्याची मुदत कुणी चुकवली?

पंचवीस टक्के जादा, कागदावर

२०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ झाले, नोकरीतलं आरक्षण चार टक्के झालं. कलम १०१ प्रमाणे राज्यांनी सहा महिन्यांच्या आत नियम करायचे होते. ती मुदत ऑक्टोबर २०१७ मध्ये संपली आणि अनेक राज्यांनी ती पाळली नाही. नियम नसले की अधिकारी म्हणतो, "आमच्याकडे अजून काही आलेलं नाही."

आमच्या कामाशी थेट संबंध आहे तो कलम २४ चा. त्यात म्हटलं आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारं साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असलं पाहिजे. याच कलमाच्या सुरुवातीला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेत आणि सरकारं त्यांच्या आडोशाला उभी राहतात. पण ती मर्यादा योजना आखण्यापुरती आहे. एकदा योजना आखली की अपंगाचा वाटा किमान सव्वापट हवा, हे कायद्याचं वाक्य स्वच्छ आहे.

आता हिशेब करू. २०२३ मध्ये महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान १,००० वरून १,५०० रुपये केलं. विधवेला १,५००, निराधाराला १,५०० आणि अपंगालाही १,५००. २५ टक्के जास्त म्हणजे १,८७५ हवे होते. दरमहा ३७५ रुपये कमी, वर्षाला ४,५००, दोन वर्षांत ९,००० रुपये एका माणसाचे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या आहेत. त्यातल्या सगळ्या या योजनेत नाहीत, हे खरं. पण जेवढ्या आहेत त्यांच्या ३७५ रुपयांचा गुणाकार ज्याने त्याने करावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अपंग लाभार्थ्यांचं अनुदान २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्याचं स्वागत आहे. संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, त्याचं हे फळ आहे. पण तो जाहीर झाला सरकारची भेट म्हणून. कायद्याची आठ वर्षांपूर्वीची बाकी म्हणून नव्हे. बाकी म्हटलं की मागचा फरक मागता येतो, भेट म्हटली की हात जोडावे लागतात.

नावाचंही तसंच. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पाट्या बदलल्या. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत 'हरिजन' या शब्दावरून बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासह स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला होता. गोड नाव देऊन हक्काचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. म्हणून कायद्याचं नाव वगळता या लेखात आम्ही 'दिव्यांग' हा शब्द वापरलेला नाही.

उशीर माफ कुणाला?

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यात, म्हणजे लिमिटेशन ॲक्टमध्ये, कलम ५ आहे. पुरेसं कारण दाखवलं तर अपिलाचा उशीर माफ होऊ शकतो. या कलमाकडे उदारपणे पाहावं असं सांगणारा सर्वांत प्रसिद्ध निकाल १९८७ चा, कातिजी प्रकरणातला. त्यात उशीर कुणाचा होता? जिल्हाधिकाऱ्याचा, म्हणजे सरकारचा, चार दिवसांचा. पुढे सरकारी उशीर इतके वाढले की २०१२ मध्ये लिव्हिंग मीडिया प्रकरणात टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मुदत सरकारलाही सारखीच लागू आहे, हे न्यायालयाला मुद्दाम सांगावं लागलं.

याच कायद्याचं कलम ६ 'कायदेशीर अक्षमते'बद्दल आहे. मुदत कुणासाठी थांबते? अज्ञान मुलासाठी, आणि जुन्या भाषेत वेडा किंवा जडबुद्धी म्हटलेल्या माणसासाठी. अंध, बहिऱ्या किंवा चालता न येणाऱ्या माणसासाठी ती थांबत नाही. मुरबाडला रेल्वे नाही. तिथून उच्च न्यायालय गाठायचं तर आधी रस्त्याने कल्याण, मग लोकल. शहापूरकराला आधी आसनगाव स्टेशन गाठायचं. सोबत एक धडधाकट माणूस हवा, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. कायद्याच्या घड्याळात हा प्रवास धरलेलाच नाही.

आणि हे आणखी एक. २०१७ च्या केंद्रीय नियमांत अपंग प्रमाणपत्र एक महिन्यात देणं अपेक्षित होतं. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने एक महिन्याचे तीन महिने झाले. शिवाय वैद्यकीय प्राधिकाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ निर्णयच घेतला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि अर्जदाराने पुन्हा पाठपुरावा करायचा. नीट वाचा. मुदत कार्यालयाने चुकवायची आणि अर्ज अर्जदाराचा मरायचा. या लेखात आम्ही जे म्हणतो आहोत ते इतक्या उघडपणे क्वचितच छापलं गेलं असेल.

"पण न्यायालयं तर बाजूने निकाल देतात"

आमचे काही मित्र म्हणतात की हे सगळे निकाल अपंगांच्या बाजूचेच आहेत, मग तक्रार कसली? तक्रार निकालाबद्दल नाही, निकालानंतरच्या दिवसाबद्दल आहे. दुसरे मित्र अगदी उलट म्हणतात: न्यायालयात काही अर्थ नाही, फक्त रस्त्यावर उतरा. महाडने दोन्हींना उत्तर दिलं आहे. बाबासाहेब तळ्यावरही गेले आणि दावाही शेवटपर्यंत लढले. रस्त्यावरच्या रेट्याशिवाय निकाल कागदावर राहतो आणि निकालाशिवाय रेट्याला टेकू नसतो.

आणखी एक आक्षेप येतो, तो आपल्याच माणसांकडून: अपंगांचा प्रश्न हा जातीचा प्रश्न आहे का? आमचं उत्तर असं की दोघांनाही एकच कारण सांगून गप्प बसवलं गेलं: मागच्या जन्मीचं पाप. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी जन्मोजन्मीच्या कर्माचा हा हिशेब नाकारला. कर्म मानलं की अपंगाला भीक मिळते, कर्म नाकारलं की हक्क मागता येतो. आणि आमच्या तालुक्यांत अपंगत्व येतं ते वीटभट्टीवर, खाणीत, उपचाराविना राहिलेल्या तापातून. तिथे काम करणारे हात कातकऱ्याचे, ठाकराचे, आपल्या बौद्ध वस्तीतले आहेत. भातसा, तानसा, मोडकसागर यांचं पाणी शहापूर तालुक्यातून रोज ठरल्या वेळेला मुंबईला जातं. मुंबईहून निघालेला आदेश मात्र उलट्या वाटेने वेळेवर येत नाही. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

आता मुदत आपण मोजायची

तरुण कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे की प्रत्येक वस्तीत एक तारीखवही ठेवा. त्यात अर्जदाराच्या तारखा लिहाच, पण समोरच्या पानावर कार्यालयाच्या तारखा लिहा. पुढच्या गोष्टी पाठ हव्यात.

पोचीशिवाय अर्ज देऊ नका. पोच नसेल तर मुदत सुरूच झाली नाही असं म्हणायला ते मोकळे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती चुकली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पुण्याच्या अपंग आयुक्तांकडे वकिलाशिवाय तक्रार करता येते. २०१६ च्या कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे आयुक्तांच्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कृती करून कळवायचं असतं, किंवा का मानली नाही त्याचं कारण द्यायचं असतं. ते तीन महिने वहीत लिहा.

वकिलाचा खर्च म्हणून खटला सोडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती आणि स्त्रिया यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. रिट याचिकेला ठरावीक मुदत नसली तरी उशिराचं कारण द्यावं लागतं, तेव्हा तारीखवही कामाला येते.

आणि सर्वांत महत्त्वाचं. न्यायालयाने दिलेली मुदत सरकारने मोडली तर अवमान याचिका करता येते, पण १९७१ च्या अवमान कायद्याचं कलम २० त्यालाही एक वर्षाची मुदत घालतं. म्हणजे सरकारचा उशीर पकडायलाही आपण वेळेवर असावं लागतं. कितीतरी चांगले निकाल याच वर्षभरात, कुणी लक्ष न दिल्यामुळे थंड पडतात.

३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन असतो. त्या दिवशी कार्यालयांत हार, भाषणं, चहापान होतं. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर असतो. मधल्या दोन दिवसांत प्रत्येक शाखेने माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाकावा. आपल्या तालुक्यातून वर्षभरात प्रमाणपत्राचे किती अर्ज आले? किती तीन महिन्यांत निकाली निघाले? किती दोन वर्षांपेक्षा जुने आहेत? ग्रामपंचायतीने अपंगांसाठीचा पाच टक्के निधी कुठे खर्च केला? उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत. एकतिसाव्या दिवशी उत्तर आलेलं नसेल, तर खिडकीशी जाऊन "मुदत संपली" हे या वेळी आपण म्हणायचं, आणि तिथूनच पहिल्या अपिलाचा कागद पुढे करायचा.

जय भीम! जय संविधान!